ठंड्या तारेचा जोड

पुंजाराम वायरमन कोणत्याही नव्या गावात उतरला की लोक त्याला दोनच गोष्टी विचारत. दिवे कधी लागतील, ही पहिली. आणि तुमचं आडनाव काय, ही दुसरी. दुसरीचं उत्तर मिळालं की चहा घरातल्या कपात द्यायचा की अंगणातल्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या वेगळ्या कपात, ते ठरायचं. तरुणपणी पुंजारामला त्या प्रश्नाचा असा राग यायचा, की पक्कड पिशवीत टाकून तो सरळ एस.टी.च्या फाट्याकडे चालू लागायचा. चाळिशीला टेकेपर्यंत तो राग कुठे विरून गेला कोण जाणे, आणि मागे उरला नुसता कंटाळा. ही गोष्ट त्या कंटाळ्याची आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं फार पराक्रमाची आशा ठेवू नये.

माणूस मूळचा अकोल्याचा. बाप जिनात रुईच्या गाठी वाहायचा आणि पाठीनं म्हातारा झाला. पुंजाराम अमरावतीला दुसऱ्या एका जिनात इंजिन पुसायला लागला. तिथल्या बोहरी मिस्त्रीनं त्याची हौस ओळखली. मोटार खोलायची, जळालेलं तांबं काढायचं, नवं भरायचं, सगळं त्यानं शिकवलं. आणि शिकवताना शिव्या इतक्या दिल्या की पुढे कोणाची शिवी पुंजारामच्या अंगाला लागली नाही. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मग वर्षा-दोन वर्षांत वायरमनची परीक्षा पास झाला आणि सरकारी परमिट मिळालं. बायकोनं, इंदूबाईनं, ते परमिट काच बसवून भिंतीवर टांगलं. शेजारणींना ती सांगायची, "आमच्या घरचा हा पयला कागद हाय, ज्याच्यावर अंगठा नाई, सही हाय." पुंजाराम वरून वैतागल्यासारखं करायचा. आतून त्याला फार बरं वाटायचं.

साठ सालानंतर वऱ्हाडात गावोगाव खांब उभे राहू लागले, आणि खांबांमागोमाग मशिनंही आली. कोणी मुंबईहून जुनं वेल्डिंग मशीन आणायचा, कोणी इंदूरहून बर्फाच्या कांडीचं. ही मशिनं बहुधा एका फेजवर चालणारी, आणि खांबावर तर तीन फेज. आता यातली कोणती तार पकडायची, हा मशीन आणणाऱ्याला डोक्याला ताप. पुंजारामचं नाव झालं ते या कामात. त्याच्याकडे समजावून सांगायची एक ठरलेली रीत होती. खांबावरच्या तीन तारा गरम. लाल, पिवळी, निळी अशी त्यांची नावं, कारण फ्यूजच्या डब्यावर तसे रंगाचे ठिपके असत. चौथी ठंडी. गरम तारांनी आणलेला करंट ठंडी परत नेते. तिन्ही गरम तारांवर सारखं ओझं असलं तर त्या तिघी आपसात मिटवून घेतात आणि ठंडीला फारसं काम उरत नाही. पण एकीवरच मोठं मशीन टाकलं, तर परतीचा सगळा भार ठंडीच्या गळ्यात. एवढं सांगून झालं की लोक मान डोलवत आणि जे करायचं तेच करत.

दर्यापूरकडच्या भांबखेडला वीज आली, तेव्हा तिथं पुंजारामला बोलावून घेतलं ते सत्यवतीबाईनं. ही बौद्धवाड्यातली विधवा, चौथीपर्यंत शिकलेली आणि जिभेनं त्याहून पुढची. पंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर तिला घेतलं होतं. एक बाई कोपऱ्यात बसून राहील, असा सगळ्यांचा हिशेब होता. तो चुकला. खांब वाड्यापर्यंत यावेत म्हणून ती दर्यापूरच्या कचेरीत चपला झिजवत राहिली. आणि खांब आल्यावर, घरोघरचं वायरिंग आपल्या माणसाकडूनच करून घ्या, म्हणून पंचायतीत भांडली. सरपंच होते खुशालराव पाटील. भल्या मोठ्या वावराचे धनी, बोलायला मोकळे, मनानं वाईट म्हणता येणार नाहीत असे. ते म्हणाले, "बाई, तुमचा माणूस हुशार असन तं येऊ द्या. पन काम बिघडलं तं तुमच्या नावानं बोंब होईन." बाई म्हणाली, "होऊ द्या."

लाइन टाकणाऱ्या ठेकेदारानं पाटलांच्या गल्लीला लाल तार दिली, बाजार आणि मारुतीच्या देवळाला पिवळी, आणि वाड्याला निळी. मुद्दाम की सहज, ते त्यालाच माहीत. वाड्यात मात्र निळ्या रंगाचा आनंदच झाला. एका म्हातारबानं खांबाला हार घातला. वाड्यातल्या विहारात एक दिवा लागला, आणि त्याच्याखाली सत्यवतीबाई संध्याकाळी बायांना अक्षरं शिकवू लागली. दिवसभर निंदण-खुरपण करून आलेल्या बाया पाटीवर आपलं नाव लिहायच्या आणि स्वतःच लाजायच्या. पुंजारामनं तो दिवा आपल्या हातानं लावला होता. कामाला आला की तो घटकाभर तिथं दारात बसायचा. दमलेल्या माणसाला बसण्यासारखी ती जागा होती.

मग पाटलांच्या पुतण्यानं, सूर्यभाननं, वेल्डिंगचं मशीन आणलं. नांगराचे फाळ, बैलबंड्यांचे आस, सगळं गावातच जोडायचं, दर्यापूरची खेप वाचवायची, असा त्याचा विचार होता आणि तो चांगलाच होता. मशीनच्या पाठीवर दोन प्रकारच्या जोडण्या होत्या. एक गरम आणि एक ठंडी तार घेऊनही ते चालायचं, आणि दोन गरम तारा घेऊनही.

"पाटील, दोन गरम तारांवर टाकू," पुंजाराम खुशालरावांना म्हणाला. "लाल अन् पिवळी. ठंडीवर काईच ओझं येनार नाई."

"मंग दिवे?"

"ठिनगी पडन तवा थोडे हालतीन."

"कोनाचे? माह्या घरचे?"

"तुमचे अन् देवळातले."

खुशालराव हसले. "म्या नवा रेडिओ घेतला, तो काय याची फडफड आयकाले? दुसरं सांग."

"मंग लाल अन् निळी घेऊ. ओझं वाटल्या जाईन."

सूर्यभाननं मशीनसाठी घातलेल्या शेडमध्ये चार-सहा लोक उभे होते. पाटलांनी जरा आवाज खाली आणला. त्यांना खरोखरच संकोच वाटत होता, हे सांगितलं पाहिजे. "पुंजाराम, तू समजदार हायेस. आमच्या तारेले त्याइची तार एका मशीनीत जोडून राहिला तू. उद्या लोक मले इचारतीन. निळीवरच टाक ना सारं. तिकडं दिवे हायेत किती? लुकलुकले तं लुकलुकले."

पुंजारामच्या ओठावर आलं होतं, की पाटील, तुमचा, देवळाचा आणि वाड्याचा करंट परत जातो तो एकाच ठंड्या तारेतून, आजवर काही विटाळलं नाही. पण हे सांगावं, तर उद्या पंचायत वाड्यासाठी वेगळी ठंडी तार मागायला कमी करणार नाही. दुसरं म्हणजे, हेच भांडण तो मूर्तिजापुरात भांडून आला होता, अंजनगावात भांडून आला होता. सकाळपासून शिडीवर चढ-उतर करून गुडघे ठणकत होते. समोरचा माणूस अंगावर धावूनही येत नव्हता, की राग यावा. पुंजारामला एकदम फार थकल्यासारखं झालं. वर्षावर्षांचं थकणं एका जागी आलं. "बरं," तो म्हणाला, आणि निळी तार मशीनला आवळून टाकली. ठंडीवर सगळा भार येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण चालून जाईल, असंही त्याला वाटलं. कंटाळलेल्या माणसाला नेहमी असंच वाटतं.

आणि चाललंही. सूर्यभाननं ठिणगी पाडली की विहारातला दिवा मिचमिच करायचा. बाया पाटीवरून मान वर करून म्हणायच्या, "लागला वाटते कोनाचा फाळ." एकदा सत्यवतीबाईनं विचारलं, "भाऊ, आमचाच दिवा काहून लुकलुकते?"

"मशीन निळीवर हाय."

"निळीवरच काहून?"

"हलकी हाय म्हनून," पुंजाराम म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. बाई हसली आणि पुन्हा पाटीकडे वळली. त्या दिवशी दारात बसून राहणं काही त्याला जमलं नाही.

कापूस घरात यायच्या दिवसांत बंड्यांची दुरुस्ती निघाली. मशीन दिवसभर पेटलेलं, दिवेलागणीनंतरही. एका संध्याकाळी, देवळापुढे सेवामंडळाची प्रार्थना नुकतीच सुरू झाली होती, तेवढ्यात पाटलांच्या गल्लीतले दिवे अचानक पांढरेशुभ्र झाले. कोणी कधी पाहिला नव्हता असा उजेड पडला. लोक कौतुकानं वर बघतात न बघतात, तोच फटाफट दिवे फुटले. देवळातलं भोंग्याचं यंत्र जळालं. पाटलांच्या रेडिओतून धूर निघाला. बाजारातले दिवेही गेले. आणि वाड्यात? वाड्यातले दिवे निखाऱ्यासारखे लालसर झाले आणि तसेच तेवत राहिले. एकही फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप पोचताच पुंजाराम आला. शेडजवळच्या, ट्रान्सफॉर्मरपासूनच्या पहिल्याच खांबावर चढला आणि काय ते समजला. ठंड्या तारेचा जोड जळून तुटला होता. ठेकेदाराच्या माणसांनी तिथं तारा नुसत्या हातानं पिळून ठेवल्या होत्या. ओझं कमी होतं तोवर जोडानं तग धरला. जळकं टोक हातात घेऊन तो खाली आला. खाली सगळं गाव जमलं होतं.

"जोड कच्चा होता," त्यानं सांगितलं. "ठेकेदाराचा."

"ठेकेदाराचा जोड इतके दिस टिकला," खुशालराव म्हणाले. रात्रभर ते झोपले नव्हते. "तुवा मशीन जोडलं अन् तुटला. बरं, तुटला तं तुटला. मंग आमचेच दिवे काहून फुटले? त्याइचा एक बी काहून नाई?"

पुंजाराम समजावू लागला. ठंडी तुटली की तिन्ही तारांचा मेळ जातो. जिच्यावर जड ओझं, ती खाली बसते, आणि हलक्या तारांवर दाब चढतो, कावडीचा एक घडा खाली गेला की दुसरा वर जातो तसा. मशीन निळीवर होतं, म्हणून निळी बसली.

पाटलांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे ठंडी तुटली तं असं होईन, हे तुले मालूम होतं."

मालूम तर होतंच. पुंजाराम गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यानं गावाची खात्री पटली. कोणीतरी मागून म्हणालं, यानं मुद्दाम केलं, आपल्याइचा करंट आपल्याइवरच उलटवला. निळी तार खांबावरून काढा, ही मागणी मग पुढे आली आणि जोर धरू लागली. सूर्यभान एकटा म्हणत होता, की निळीवर टाका असं काकांनीच सांगितलं होतं. त्याला दोघांनी बाजूला नेलं.

दुपारी वीज कचेरीचे साहेब जीपनं आले. पुंजारामपेक्षा वयानं लहान, पण असल्या भांडणांनी पुरते विटलेले. त्यांनी जळकं टोक पाहिलं, मशीन पाहिलं, गावाचं ऐकलं. मग पुंजारामला बाजूला घेऊन म्हणाले, "हे पाहा, गावात तंटा नको. चौकशी लावतो. ती होईपर्यंत वाड्याची लाइन बंद ठेवू. तात्पुरती."

पुंजारामनं असल्या तात्पुरत्या गोष्टी जन्मभर पाहिल्या होत्या. तात्पुरतं बंद झालेलं विहिरीवरचं पाणी, तात्पुरती वेगळी बसवलेली मुलं. चौकशीत तो खरा ठरला असता, यात शंका नव्हती. पण चौकशी संपेपर्यंत पुढचा पावसाळा उजाडला असता, आणि तोवर वाड्याच्या खांबावरची तार कोणी विकूनही खाल्ली असती. विहारातल्या बाया पुन्हा चिमणीच्या उजेडात बसल्या असत्या, किंवा बसल्याच नसत्या. बिघाड जाणूनबुजून केलेला नसून एका माणसाच्या हलगर्जीपणानं झाला, असं ठरलं, तरच गोष्ट इथल्या इथं मिटण्यासारखी होती. पण त्यासाठी तो माणूस पाहिजे होता.

"साहेब, चौकशी कायले?" तो म्हणाला. "मशीनची तार टाकली तवा ठंडीचा जोड म्याच खोलला होता. आवळाले इसरलो. हात चुकला."

साहेबांनी हातातल्या जळक्या टोकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. पीळ कोणाचा आणि किती जुना, हे त्यांनाही दिसत होतं. "परमिट जाईल," ते हळूच म्हणाले.

"मालूम हाय."

"विचार करा."

"केला. लिहा तुमी."

साहेबांनी लिहिलं. मग गावाला सांगितलं, की वायरमनची चूक आहे, त्यानं कबूल केली आहे, लाइनचा दोष नाही, वाड्याची लाइन राहील. गावाचं समाधान झालं. गुन्हेगार सापडला की लोकांचा राग लवकर निवतो. जाता जाता साहेबांनी मशीन दोन गरम तारांवर, लाल आणि पिवळीवर टाकायला फर्मावलं. दिवे थोडे हलतील, म्हणाले. "हलू द्या जी," खुशालराव म्हणाले. त्यांचा रेडिओ तर तसाही गेला होता.

शेवटचं काम म्हणून पुंजारामनं ठंडीचा जोड नव्यानं केला. चांगली पकड बसवली, दोनदा ओढून पाहिली. मशीनच्या तारा बदलल्या. हे सगळं करताना त्याला इंदूबाईची आठवण येत होती. काचेतला तो कागद भिंतीवरून काढायला तिला कसं सांगायचं, ते सुचत नव्हतं. आता दुसऱ्याच्या दुकानात पंख्यांच्या मोटारी भरत बसायचं, हेही दिसत होतं. वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर एक प्रकारे सुटल्यासारखंही वाटत होतं. यापुढे कोणत्या गावात कोणी आडनाव विचारणार नव्हतं.

संध्याकाळी तो वाड्यात गेला. दिवे ठीक लागतात का, ते पाहायचं निमित्त. विहारातला दिवा स्वच्छ लागला होता, मिचमिच बंद झाली होती. बाया अजून आल्या नव्हत्या. सत्यवतीबाई एकटीच पाट्या पुसत बसली होती. तिनं त्याला बसायला सांगितलं, आतून चहा आणून समोर ठेवला. मग ती पुन्हा पाट्या पुसू लागली.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "तुमाले शिव्या द्याले मी बसली नाई. मानूस चुकते. पन तुमच्यासाठी मी साऱ्या पंचायतीशी भांडली होती. आपला मानूस हाय, त्याचं काम पाहा, म्हटलं होतं. आज पाटील मले सगळ्याइसमोर म्हने, पाह्यलं बाई तुमच्या मानसाचं काम?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचं परमिट गेलं, त्याचं मले दुख हाय. पन यापुढं गावात मास्तर म्हनून, कंपाउंडर म्हनून, आपल्यातला कोनी यीन, तं हेच सांगतीन. मी काय बोलू त्याइले? मले बोलाले जागा ठेवली नाई तुमी."

पुंजारामनं हा विचारच केला नव्हता. साहेबांसमोर त्यानं आपलं परमिट मांडलं होतं, आपलं नाव मांडलं होतं. त्या नावाला हिचंही नाव बांधलेलं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आता खरं सांगावं? सांगितलं, तर ही बाई गप्प बसणारी नाही. उद्या सकाळी ती पंचायतीत उभी राहील, चौकशी मागेल आणि जिंकेलही. आणि तोवर हा दिवा बंद.

बाया येऊ लागल्या होत्या. एकेक जण पाटी उचलून दिव्याखाली जागा धरत होती. एका म्हातारीनं पुंजारामकडे पाहिलं आणि पदर सावरून दुसरीकडे तोंड करून बसली.

"चुकलंच माह्यं, बाई," पुंजाराम म्हणाला. म्हणताना त्याला वाटत होतं की आपण अजून खोटंच बोलतो आहोत. पण शब्द तोंडातून निघाले आणि त्याला ती शेड दिसली, ठणकणारे गुडघे आठवले, सगळं कळत असताना "बरं" म्हणून आवळलेली ती निळी तार आठवली. त्या दिवशी एकदा, फक्त अजून एकदा, तो भांडला असता तर. त्याचे डोळे भरून आले, आणि बाईला वाटलं ते परमिटसाठीच.

"चहा घ्या, निवून जाईन," ती म्हणाली. त्यानं चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि दारात न बसता तो फाट्याकडे निघाला.